एटापल्लीला नेलेली साक्ष

भद्रावतीच्या बसस्टँडवर चंद्रपूरची एसटी लागली तेव्हा मी बॅग पोटाशी धरूनच चढले. आत कॅमेरा होता, लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये एका म्हाताऱ्या माणसाची अकरा मिनिटं होती. कॅमेरा हरवला असता तरी चाललं असतं.

मी माहितीपट बनवते. जुन्या लढाया आणि त्यांत गेलेली, नंतर फारशी कोणाच्या लक्षात न राहिलेली माणसं हा माझा विषय. दोन महिन्यांपूर्वी एटापल्लीहून रामटेके सरांचं पत्र आलं. ते तिथल्या शाळेत शिकवतात आणि तालुक्यातून फौजेत गेलेल्यांची नावं हौसेनं जमवतात. त्यांनी चैतू मडावीबद्दल लिहिलं होतं. चैतू माडिया (या जंगलातली आदिवासी जमात) होता. लाकूडतोडीच्या कामासाठी चंद्रपूरला आला, भरतीची रांग दिसली म्हणून रांगेत उभा राहिला आणि निघून गेला. एकाहत्तरच्या लढाईत तो मेला. गावात त्याच्या नावाचा दगड आहे, आणि एक बहीण आहे, मैनीबाई.

चैतूच्या बरोबर असलेला कोणी मिळतो का हे शोधता शोधता मी भद्रावतीत महादेव कदमांपर्यंत पोचले. कदम मूळचे साताऱ्याकडचे. फौजेनंतर इथल्या दारूगोळा कारखान्यात चौकीदार झाले आणि इथेच राहिले. वसाहतीबाहेर त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पत्नी वारल्यापासून एकटेच असतात. मी कॅमेरा लावला तेव्हा ते इस्त्रीच्या शर्टावर पदकं लावून बसले होते. नेहमीसारखी मुलाखत होईल असं मी धरून चालले होते. मी विचारलं, "चैतू कसे गेले?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"गोळी पलीकडून आली नव्हती, ताई. ती माझी होती."

मग ते सलग बोलत गेले. डिसेंबर, पहाट, हातभर अंतरावरचं दिसू नये असं धुकं. पहाऱ्यावर कदम. चैतू मागे पाणी आणायला गेला होता आणि वाट चुकून पुढच्या बाजूनं परत आला. कदमांनी दोनदा "कोण आहे?" म्हणून दरडावलं. उत्तर आलं ते त्यांना कळलं नाही. घाबरून चैतू स्वतःच्या भाषेत बोलला असावा. कदमांनी गोळी झाडली.

"मीच वर सांगितलं, पलीकडून आली म्हणून. कोणी उलटून विचारलं नाही. मेला कसा, ते मी आणि तो सोडून कोणाला माहीत नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही."

एवढं बोलून त्यांनी कॅमेऱ्यासमोर हात धरला. मी कॅमेरा बंद केला. त्यांनी एकच अट घातली. आधी चैतूच्या घरच्यांना दाखवायचं. ते हो म्हणाले तरच जगाला.

संध्याकाळी पुण्याहून निर्मात्याचा फोन आला. "आधी दाखवायचं कशाला? बहीण नाही म्हणाली तर?" मला खरी धास्ती वेगळीच होती. हो की नाही यापेक्षा, एका बाईला तिच्या घरात बसून हे ऐकवायचं कसं?

चंद्रपूरहून मी सरळ एटापल्लीकडे न जाता आधी गडचिरोलीला गेले, कारण आत चित्रीकरणाला जायचं तर तिथल्या कचेरीतून परवानगी लागत होती. अर्धा दिवस बाकावर गेला. माझा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना दिसत होता, म्हणून उठताही येईना. समोरच्या खानावळीत दुपारी भात आणि तलावातल्या माशांचा तिखट रस्सा खाल्ला. वाढणाऱ्या बाईंनी ताट ठेवता ठेवता विचारलं, "एटापल्लीले जाता? एकट्या?"

"हो."

"कोणी आहे का तिथी आपलं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी न विचारता आणखी भात वाढला. "मंग पोटभर जेवा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीची बस चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत निघाली. आष्टीनंतर रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले. एक गेला की दुसरा, आणि मध्ये लाल धूळ. मार्च नुकताच लागला होता, पळस फुलले होते, पण रस्त्याकडेच्या झाडांवर फूल कुठलं आणि धूळ कुठली ते ओळखू येत नव्हतं. आलापल्लीनंतर सागाची पानगळ झालेलं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. बसमधलं बोलणं मराठीतून माडियात कधी गेलं ते कळलं नाही.

रामटेके सर स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, बारीक, सतत घड्याळ बघणारे. रात्री त्यांच्याच घरी राहिले. ओसरीवर बसून मी त्यांना अकरा मिनिटं दाखवली. त्यांना न सांगता गावात जाणं बरोबर नव्हतं. बघून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप हलकेच माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, त्या दगडासाठी मीच खटपट केली होती," ते म्हणाले. "त्यावरचे 'शत्रूशी लढताना' हे शब्द माह्येच आहेत."

"उद्याचं जाणं रद्द करू या का?"

"नाई, जाऊ. खोटं आता मलेही ठाऊक झालं. मी काय तोंडानं पोरांले तिथी झेंड्याले उभं करू?"

सकाळी मोटारसायकलवर निघालो. दहाएक मैलांवर पोलिसांची चौकी होती. एका तरुण शिपायानं परवानगीचा कागद वाचला, बॅग उघडायला लावली आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "यात काय आहे?"

"एका माजी सैनिकाची मुलाखत."

"लावा."

मी लावली. पडद्यावर पदकं लावलेले कदम आले. शिपाई जरासा सावरून उभा राहिला. तेवढ्यात ते वाक्य आलं, ती माझी होती. शिपायानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग आपणच हलक्या हातानं झाकण मिटलं.

"हे गावात दाखवणार?"

"फक्त त्याच्या बहिणीला."

त्यानं वहीत आमची नावं लिहिली. बंदुकीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "चारच्या आत परत या. उशीर झाला तर मले शोधाले यावं लागते," म्हणाला.

गाव तीस-चाळीस घरांचं. शाळेसमोर दगड होता, त्याला ताजा चुना दिला होता आणि पायथ्याशी झेंडूची माळ. हे सगळं माझ्या येण्यासाठी होतं, म्हणजे सिनेमाची बाई येणार म्हणून. माणसं चटया घेऊन शाळेत बसलेली होती आणि भिंतीवर पांढरी चादर बांधलेली होती. मी रामटेके सरांकडे पाहिलं. तेही हादरले होते.

"मी फक्त मैनीबाईले निरोप धाडला होता," ते पुटपुटले.

एक उंच म्हातारा पुढे आला. गावातला मानाचा माणूस असावा. "लाव बाई. सारे येऊन बसले."

"आधी मैनीबाईंना एकट्यांना दाखवायचं आहे," मी म्हणाले.

"काऊन? तो आमच्या गावाचा माणूस. आमच्यापासून काऊन लपवता?"

मागे कुजबुज वाढली. रामटेके सर मध्ये आले. "भाऊ, घरच्या माणसाचं मरण आहे. आधी बाई पाहील. मंग बाई म्हणन तसं."

म्हाताऱ्याला ते पटलं नाही, पण तो बाजूला झाला. शंभरेक डोळे माझ्या पाठीवर घेऊन मी मैनीबाईंच्या घराकडे चालू लागले. सर लोकांजवळ थांबले.

मैनीबाई सत्तरीच्या आसपासच्या. अंगानं लहानशा, कपाळावर आणि गालांवर गोंदण. त्यांनी मला आत बसवलं आणि वाडग्यात जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ पेज) दिला. त्यांचा मुलगा दिलीप दाराशी उकिडवा बसला होता. बांबूतोडीच्या कामाला जाणारा, रुंद खांद्यांचा. मैनीबाईंना बाजारापुरती मराठी येत होती, म्हणून न समजलेलं दिलीप सांगणार होता. गावात वीज नव्हती आणि लॅपटॉपची बॅटरी निम्म्याच्या खाली आली होती. त्यामुळे इकडचं तिकडचं बोलत वेळ काढणंही शक्य नव्हतं.

मी चित्रफीत लावली. कदमांचं नाव, गाव, भरती कशी झाली. दिलीप सांगत होता, मैनीबाई माना डोलावत होत्या. चैतू फार जेवायचा आणि कमी बोलायचा असं कदम म्हणाले, तेव्हा त्या हसल्या आणि पडद्यावर बोट ठेवून "हो, हो" म्हणाल्या. मग ते वाक्य आलं.

दिलीपनं सांगणं थांबवलं.

"काय म्हणते तो?" मैनीबाईंनी विचारलं. दिलीप बोलेना. त्यांनी पुन्हा विचारलं, मग माझ्याकडे वळल्या.

"बाई, तो म्हणतो, गोळी त्याची होती. धुक्यात ओळखलं नाही. चुकून लागली."

दिलीप झटक्यानं उठला, लॅपटॉप मिटून दोन्ही हातांनी वर उचलला. "हे आमच्या घरी आणलं काऊन?" तो ओरडला. "त्या दगडाले माह्यी माय हार घालते! दर वर्षी! अन् मारणारा पदकं लावून बसते?"

मी भिंतीला टेकले. तो आता लॅपटॉप जमिनीवर आपटणार याची मला खात्री वाटली, आणि लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला मैनीबाईंची नाही, त्या अकरा मिनिटांची काळजी वाटली.

मैनीबाई माडियात काहीतरी बोलल्या. दोन-तीन शब्दच, आवाज न चढवता. दिलीपनं लॅपटॉप खाली ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

"आणखी आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"थोडं आहे."

"लाव."

उरलेलं त्यांनी दिलीपशिवाय ऐकलं. किती कळलं ते ठाऊक नाही. शेवटी कदमांचा हात पडद्यावर आला आणि चित्र थांबलं.

"मरताना काई बोलला का तो?"

असंख्य मुलाखती घेतल्या मी, पण हे मी विचारलंच नव्हतं. "त्यांनी पुढं बोलणं थांबवलं, बाई. मीही विचारलं नाही."

"तू नाई विचारलं," त्या म्हणाल्या. आवाजात दोष नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मंग मी विचारीन. कुठी राहते तो?"

"भद्रावतीला."

"बस जाते का?"

"जाते."

"तर मले घेऊन चाल."

"मीही येतो," दिलीप तोंड न फिरवता म्हणाला.

बाहेर येऊन त्यांनी जमलेल्यांना मोजकं काही सांगितलं. माणसं कुरकुरत उठली. कोणीतरी भिंतीवरची चादर सोडली. परतताना अर्ध्या वाटेवर मोटारसायकलचं मागचं चाक बसलं आणि आम्ही दोघं गाडी ढकलत, मागे बघत, चौकीवर पोचलो तेव्हा चार कधीच वाजून गेले होते. तो शिपाई रस्त्याच्या मधोमध उभा होता. रागावला नाही. "पाह्यलं बाईनं?" एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मैनीबाई आणि दिलीप एटापल्लीला आले. मैनीबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. आम्ही तिघं चंद्रपूरच्या बसमध्ये बसलो. मोबाइल आलापल्लीला लागला, तिथून मी कदमांना फोन केला.

"काका, चैतूची बहीण येते आहे. भाचाही आहे. तो फार रागात आहे. तुम्हाला नको असेल तर सांगा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "त्या काय जेवतात?"

"भात चालेल."

"बरं. या."

वाटेत मैनीबाईंना बस लागली. खिडकीतून दोनदा उलटी झाली. दिलीपनं त्यांची पाठ चोळली, पाणी दिलं, पण माझ्याशी तो चंद्रपूर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याचे हात मांडीवर मुठी वळून होते. मी त्या मुठींकडे बघत होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारात मी कोणाला नेऊन उभं करते आहे? काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल.

चंद्रपूरच्या स्टँडवर तो एकदम म्हणाला, "पोलिसात दिलं का त्याचं नाव?"

"नाही."

"काऊन?"

"ते तुम्ही ठरवायचं. मी नाही."

"अन् मी तिथी जाऊन त्याले दोन हाणल्या, तर तेही फिलिममध्ये घेता का?"

"कॅमेरा बॅगेतून बाहेर काढणार नाही," मी म्हणाले. त्यानं विश्वास ठेवला की नाही कळलं नाही.

भद्रावतीला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. कदम फाटकाबाहेर रस्त्यावरच उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, सदरा पाठीवर भिजला होता. पदकं नव्हती. मैनीबाई दिसताच त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "वंजीबाई..."

मैनीबाई थांबल्या. "माह्यं नाव मैनी."

कदम गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दिलीपकडे पाहिलं. "मग वंजी कोण?"

ते आम्हाला आत घेऊन गेले. दिलीप उंबऱ्यावरच थांबला, आत यायला तयार होईना. मैनीबाई सतरंजीवर बसल्या. कदमही खुर्ची सोडून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखत असावेत, भिंतीला धरून बसले.

"तो काय बोलला?" मैनीबाईंनी विचारलं. इकडचं तिकडचं काही नाही.

"मी धावत गेलो," कदम म्हणाले. "डोकं मांडीवर घेतलं. उजाडेपर्यंत होता तो. त्याला मराठी येत होतं, पण तेव्हा तो तुमच्याच भाषेत बोलत होता. दोनच शब्द, पुन्हा पुन्हा. पिर्र आणि वंजी. पिर्र, वंजी. मला वाटलं, पिराचा धावा करतो आहे. आणि वंजी म्हणजे घरचं कोणी असेल, बहीण नाहीतर लग्न ठरलेली मुलगी. मी त्याला धीर देत होतो, येईल, पीर येईल, आलाच बघ पीर." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दर वर्षी उरुसाला मी पिराला चादर चढवतो. वंजीच्या नावानं. तिचं बरं व्हावं म्हणून."

उंबऱ्यावर दिलीपनं मान वर केली. त्याला माझ्या आधी कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण त्याला आता कुठे बघावं ते सुचत नव्हतं.

मैनीबाईंनी विचारलं, "तिथी तोफा वाजत होत्या का?"

"रात्रभर."

त्यांनी सतरंजीचा वळलेला काठ सरळ केला.

"पिर्र म्हंजे पाऊस," त्या म्हणाल्या. "वंजी म्हंजे धान. तो वखत धान कापाचा. कापलेलं धान वावरात उघडं पडून राहते. तोफा आयकून त्याले वाटलं असन, ढगच वाजून राह्यले. तो आमाले हाका मारून राह्यला होता. पाऊस आला, धान उचला."

कदमांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी ते दोन्ही हातांनी झाकून घेतलं, आणि हातांमागून कसाबसा आवाज आला. "आणि मी त्याला सांगत होतो... येईल म्हणून. पीर येईल म्हणून..."

इतकी वर्षं त्या माणसानं झाडलेल्या गोळीसाठी स्वतःला शिक्षा दिली होती. आता त्यात ही भर पडली होती. मला वाटलं, मी मैनीबाईंना इथे आणायला नको होतं. मैनीबाई पुढे सरकल्या. त्यांनी कदमांना हात लावला नाही. थोड्या अंतरावरूनच, लहान मुलाला समजावून सांगावं तशा, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"आयक. त्या साली पाऊस नाई आला. मी अन् मायनं धान उचललं. सारं सुकं घरी आलं."

मग तेच त्या पुन्हा माडियात बोलल्या. ते ना कदमांसाठी होतं, ना आमच्यासाठी.

कदमांनी भात आणि वरण करून ठेवलं होतं. मैनीबाई थोडं जेवल्या. दिलीप जेवला नाही, पाणीही प्यायला नाही. निघताना कदम त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यानं काही म्हणावं म्हणून थांबले. तो बाजूनं निघून गेला. मला वाटतं, तो पुढेही कधी काही म्हणणार नाही, आणि त्यानं म्हणावंच असं मला वाटत नाही.

चंद्रपूरला त्यांच्या नात्यातलं एक घर होतं. तिकडच्या बसमध्ये मी दोघांना बसवलं. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी जाऊन विचारलं, "बाई, फिलिमचं काय करू?"

"दाखव," त्या म्हणाल्या. "आधी आमच्या गावात दाखव. शाळेतल्या त्या चादरीवर."

"आणि दगड?"

"दगड राहू दे. सर लिहीन नवं काई."

पुण्याला परतल्यावर निर्मात्यानं पहिलं विचारलं ते हेच, शेवट मिळाला का. मिळाला, पण तो कॅमेऱ्यात नाही, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. माझ्या संगणकात अजूनही कदमांचा तो वर आलेला हात आहे आणि त्याच्यापुढे चित्र नाही. तिथे काय लावायचं हे मला अजून सुचलेलं नाही. कदमांचा मध्ये एकदा फोन आला होता. यंदा उरुसाला जावं की नाही, असं विचारत होते. मी म्हणाले, ते मैनीबाईंना विचारा. त्यांनी रामटेके सरांकडून विचारलंसुद्धा. उत्तर आलं, जा, आणि चादरीऐवजी मूठभर धान ठेव.